पाणी मुरू द्यावं

माशांची नवी टाकी भरली की पहिल्या दिवशी पाणी गढूळ असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बऱ्यापैकी निवळतं, घरातले सगळे खूश होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच पाण्यावर दुधट पांढरी झाक येते. घोळ होतो तो इथे. टाकी उपसली जाते, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला जातो, ताजं पाणी भरलं जातं. चार दिवसांनी परत तेच. मग कुणी तुरटी फिरवायला सांगतं, कुणी दुकानातलं निळं औषध आणून ओततं. तोवर मासे वर येऊन तोंडाची उघडमीट करू लागलेले असतात आणि ‘हे मासेच नाजूक होते’ असा निकाल लागतो.

पाण्याचा स्वच्छपणा डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण त्याच्यामागे धावतो. मासा जगेल की नाही हे ठरवणारी मंडळी मात्र सगळी अदृश्य. अमोनियाला रंग नाही, नायट्राईटला नाही, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनलाही दिसण्याजोगा रंग नाही. दुधाळ पाण्यात मासे आठवडाभर सुखरूप राहू शकतात आणि तळाचा खडा न् खडा दिसतोय अशा नितळ पाण्यात एका रात्रीत मरू शकतात. नव्या टाकीत हे नितळ आणि जहरी पाणी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतं. तेव्हा घरच्यांना वाटत असतं, आता सगळं मार्गी लागलं.

आधी डोळ्यांना दिसतं त्याबद्दल बोलू.

पहिल्या दिवशीचा गढूळपणा म्हणजे निव्वळ धूळ. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत तळाला चार सेंटीमीटरचा थर करायला साधारण दहा किलो खडी लागते. ती पोत्यातून सरळ टाकीत ओतली तर आठवडाभर पाणी निवळत नाही. दोन-दोन किलोच्या वाट्याने बादलीत घ्यावी, नळ सोडून हाताने तळापासून ढवळावी, वरचं पाणी ओतून द्यावं, आणि बादलीतून स्वच्छ पाणी ओसंडेपर्यंत हे करत राहावं. साबण अजिबात नाही. रंगीत खडीचा रंग पहिल्या धुण्यातच हाताला लागला, तर ती परत करावी. टाकी भरताना खडीवर एक ताटली ठेवून तिच्यावर धार सोडली की तळ उकरला जात नाही. भरताना बादल्या मोजाव्यात. वरची जागा, खडी आणि काचेची जाडी वजा जाता अशा टाकीत पन्नास लिटरच्या थोडं वर पाणी मावतं, आणि पुढची सगळी मापं त्या आकड्यावर अवलंबून असतात. खाली सगळीकडे पन्नास लिटर धरले आहेत.

आणखी एक परीक्षा खडी आणतानाच करून घ्यावी. आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, पाण्यात काही सोडत नाही. पांढरेशुभ्र संगमरवरी तुकडे आणि शंखशिंपल्यांची रेती मात्र विरघळत राहतात आणि पाणी जड, म्हणजे जास्त खनिजांचं, करत जातात. बाथरूम धुवायच्या ॲसिडचा थेंब दगडावर टाकावा. फसफसला तर तो चुनखडीचा. तो वाईट नसतो, आपल्या पाण्यात त्याचा उपयोगही होतो, पण तो टाकीत आहे हे आपल्याला ठाऊक हवं. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू मिठामुळेही नको आणि शिंपल्यांच्या चुऱ्यामुळेही.

फिल्टर चालू केल्यावर एक-दोन दिवसांत धूळ बसते. बसली नाही तर उशीत भरतात तो पांढरा पॉलिस्टर कापूस फिल्टरच्या तोंडाशी बोटभर जाडीचा लावावा. महागड्या पॅडइतकंच काम करतो. बिनरंगाचा, बिनवासाचा घ्यावा आणि दोन दिवसांनी काढून टाकावा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं दुधाळ पाणी हे वेगळं प्रकरण आहे. ती धूळ नव्हे, जिवंत जीवाणू आहेत. नव्या टाकीत खाण्याजोगं बरंच काही असतं: लाकडातून सुटलेला रस, झाडांची कुजकी मुळं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे माशांनी न खाल्लेले दाणे. क्लोरीन उडून गेलेला असतो, अडवणारं कुणी नसतं. सेंद्रिय कचऱ्यावर जगणारे जीवाणू अनुकूल पाण्यात तासाभरात दुप्पट होऊ शकतात. त्यांची संख्या इतकी वाढते की प्रकाश त्यांच्यावर विखुरतो आणि पाणी पांढरं दिसतं. कापसात ते अडकत नाहीत, कारण एकेक जीवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. खाणं संपलं की तेही संपतात. चार दिवस, कधी दहा. तेवढे दिवस दाणे थांबवले आणि हवेचा पंप जोरात चालवला की बाकी काही करावं लागत नाही.

हवेच्या पंपाला इथे पर्याय नाही. तीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, आणि एप्रिल-मेमध्ये ठाण्यातल्या फ्लॅटमधली टाकी तीस अंश सहज गाठते. त्यात हे कोट्यवधी जीवाणू ऑक्सिजन ओढत असतात. पहाटे मासे वर येऊन धापा टाकतात ते यामुळे. अशा वेळी पाणी बदलण्याआधी पृष्ठभाग हलवावा.

तुरटी टाकू नका. जलशुद्धीकरण केंद्रात ती वापरतात हे खरं, पण तिथे मोजून टाकतात आणि नंतर पाणी गाळतात. घरी खडा फिरवला की किती विरघळली याचा पत्ता नसतो. तुरटी पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, खाते: लिटरमागे पन्नास मिलिग्रॅम गेली तर साधारण पंधरा ते पंचवीस मिलिग्रॅम क्षारता संपते. आपल्या ठाणे-नवी मुंबईकडच्या नळाच्या पाण्यात ती मुळात थोडीच असते. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, घसरतो आणि आम्लधर्मी पाण्यात ॲल्युमिनियम कल्ल्यांना चिकटतं. पाणी स्फटिकासारखं होतं आणि मासे गुदमरतात. निळं औषध, म्हणजे मिथिलिन ब्लू, बुरशीवर चांगलं आहे, पण वेगळ्या भांड्यात. मुख्य टाकीत ते ओतलं की फिल्टरमधले कामाचे जीवाणूही मार खातात.

या कामाच्या जीवाणूंसाठीच सगळी वाट पाहायची असते.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, कुजणाऱ्या दाण्यांतूनही तो येतो. जीवाणूंचा एक गट त्याचं नायट्राईट करतो, दुसरा नायट्राईटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बऱ्याच प्रमाणात चालून जातं. सर्गेई विनोग्रादस्की यांनी 1890 च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. मत्स्यपालनाच्या जुन्या पुस्तकांत नायट्राईट संपवणारा म्हणून नायट्रोबॅक्टर दिलेला असतो. 1990 च्या दशकाअखेरीस गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्यावर ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो असं दिसलं. 2015 मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले, आणि त्यातले काही मत्स्यपालनाच्याच फिल्टरमधून मिळाले होते. या सगळ्यांचा स्वभाव एक: ते सावकाश वाढतात. कचरा खाणारे जीवाणू तासांत दुप्पट होतात, तर यांना चांगल्या परिस्थितीतही अर्धा दिवस ते दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. आणि ते पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात: स्पंजच्या छिद्रांत, खडीवर, लाकडावर.

म्हणून मित्राच्या जुन्या टाकीतलं बाटलीभर पाणी आणून काही साधत नाही. त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आणावा. तो हाताला बुळबुळीत लागतो, तपकिरी असतो, पावसात भिजलेल्या मातीचा वास येतो. तो ओलाच पिशवीत घालून तास-दोन तासांत आपल्या फिल्टरमध्ये ठेवला की महिन्याभराचं काम आठ-दहा दिवसांवर येऊ शकतं. मित्राच्या टाकीत रोग नाही ना, तेवढं विचारून घ्यावं. बाटलीबंद जीवाणूंचा भरवसा कमी, कारण उन्हाळ्यात ट्रकमध्ये आणि दुकानाच्या फळीवर त्या बाटलीने काय सोसलंय हे कळायला मार्ग नाही.

स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत, दोनदा दाबून. वीज चार-पाच तासांवर गेली असेल तर बंद डब्याच्या फिल्टरमधलं साठलेलं पाणी फेकून, मीडिया (जीवाणू धरून ठेवणारा स्पंज वगैरे) टाकीच्या पाण्यात खंगाळून मगच चालू करावा; आत ऑक्सिजन संपून जीवाणू मरायला लागलेले असतात आणि ती घाण एकदम टाकीत येते. हवेवर चालणाऱ्या स्पंज फिल्टरला हा त्रास कमी, म्हणून सुरुवातीला तोच घ्यावा. दिसायला साधा असतो, पण पन्नास लिटरला पुरेसा आहे.

आता आपल्या पाण्याकडे येऊ, कारण परदेशी पुस्तकांतले सल्ले इथेच फसतात.

नवी मुंबई महापालिकेचं पाणी खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून येतं आणि भोकरपाड्याला शुद्ध होतं. ठाण्यात भातसा, उल्हास, बारवी असं वेगवेगळ्या योजनांचं पाणी वॉर्डावॉर्डात पोचतं. स्रोत निराळे असले तरी बेसाल्टच्या डोंगरांवर पडलेला पाऊसच हा. तो चुनखडीतून वाहत आलेला नाही, म्हणून हलका, म्हणजे कमी खनिजांचा, असतो. पाण्यात विरघळलेली खनिजं मोजणारा टीडीएस मीटर अशा पाण्यात बुडवला की आकडा बहुधा शंभरीच्या आगेमागे दिसतो. पण घोडबंदर रोडवरच्या कितीतरी सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर येतात, काही ठिकाणी बोअरवेलचं पाणी त्याच टाकीत मिसळतं, आणि मग तोच मीटर चारशे-पाचशे दाखवतो. खाडीजवळच्या बोअरवेलचं तर विचारूच नका. त्यामुळे ‘आमच्याकडचं पाणी हलकं आहे’ हे वर्षातून एकदा मोजून ठरवता येत नाही. स्वस्तातला मीटर घेऊन प्रत्येक वेळी पाणी बदलताना मोजावं. टाकीतला आणि बादलीतला आकडा यांत मोठा फरक दिसला तर एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त पाणी बदलू नये.

क्लोरीनचंही तसंच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळापाशी लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा, आणि माशाच्या कल्ल्यांना त्याहून कितीतरी कमीही बाधतो. पावसाळ्यात मात्रा वाढवतात. सोसायटीची टाकी धुतली की तळाशी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली जाते, टँकरमध्येही ती असते. त्या आठवड्यात नळाचं पाणी सरळ टाकीत गेलं तर मासेही जातात आणि जमत आलेले जीवाणूही. ग्रामपंचायतीत पाणी तपासायला वापरतात ती ओटी चाचणी, ऑर्थोटोलिडिनची छोटी बाटली, इथे उपयोगी पडते. नळीत पाणी घेऊन काही थेंब टाकले आणि लगेच पिवळं झालं की क्लोरीन आहे. जितकं गडद तितका जास्त. ते तपासलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं, टाकीत कधीच नाही, आणि हात धुवायचे. ते रसायन विषारी आहे.

क्लोरीन घालवायला हायपोचे खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट पुरतं. एक मिलिग्रॅम क्लोरीनला सात मिलिग्रॅम खडे हे सुरक्षित प्रमाण. दहा ग्रॅम खडे शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवले की त्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये शंभर मिलिग्रॅम येतात. लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन धरला तर पन्नास लिटरला साडेतीन मिलिलिटर लागतात, आणि वीस लिटरच्या बादलीला दीड. थेंब टाकून ढवळलं की काही मिनिटांत काम होतं. द्रावण काळोखात ठेवावं आणि दोन-तीन महिन्यांनी नवं करावं. घाई नसेल तर उघड्या बादलीत पंपाच्या नळीला लावायचा हवेचा सच्छिद्र दगड सोडून एक रात्र ठेवलं तरी साधा क्लोरीन उडतो. साठवायला प्लास्टिकचा ड्रम घ्यावा. देवघराशेजारच्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी माणसांना चालेल, कोळंबी आणि गोगलगाई त्या तांब्याने मरतात.

आरओचं पाणी ‘सगळ्यात शुद्ध’ म्हणून काही जण टाकी त्यानेच भरतात. त्यात क्षारताच उरत नाही, म्हणून ते सगळ्यात धोक्याचं. आरओचं वाया जाणारं पाणी कार्बनमधून आल्यामुळे बिनक्लोरीनचं असतं आणि नळाचं पाणी हलकं असेल तर टाकीला चालण्यासारखं असतं, पण मशीनमध्ये अँटीस्केलंटचे (खनिजांचा थर साचू न देणारे) गोळे बसवलेले असतील तर त्यातलं रसायन त्यात उतरतं. सर्व्हिसला येणाऱ्या माणसाला विचारून घ्यावं.

क्षारता इतक्यांदा आली, तर तिचा हिशोब मांडायलाच हवा, कारण हलक्या पाण्याच्या टाक्या तिच्यावर अडतात. हौशी मंडळी तिला केएच म्हणतात आणि अंशांत मोजतात; एक अंश म्हणजे लिटरमागे साधारण अठरा मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी. जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते क्षारता खातं. दोन पीपीएम, म्हणजे लिटरमागे दोन मिलिग्रॅम, अमोनिया पचवायला सुमारे बारा मिलिग्रॅम, म्हणजे अंशाचा दोन-तृतीयांश भाग जातो. नळाच्या पाण्यात दोन अंश असतील तर असे दोन पीपीएम तीनदा पचवले की सगळी संपली. मग पीएच सात-सव्वासातावरून सहाच्या खाली कोसळतो, आणि साडेसहाच्या खाली हे जीवाणू आधीच मंदावलेले असतात. अमोनिया उतरायचा थांबतो. पाणी दिसायला सुंदर, टाकी तीन आठवड्यांची, आणि माणूस विचारत राहतो, अडलं कुठे? अडलं क्षारतेपाशी.

उपाय स्वयंपाकघरात आहे. खायचा सोडा दीड ग्रॅम, सपाट छोट्या चमच्याचा तिसरा भाग, पन्नास लिटरला टाकला की केएच एक अंश वाढतो. धुण्याचा सोडा नव्हे. टाकीत मासे नसतील तर केएच चारपर्यंत एकदमच न्यावा. मासे असतील तर दिवसाला एक अंश, आणि त्याआधी अमोनिया मोजायचा. हे का, ते नीट समजून घ्यावं. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं मोकळं रूपच जहरी. अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात पीएच 7 असेल तर एकूण अमोनियाचा शंभरातला एखादाही भाग मोकळा नसतो. पीएच 8 झाला की साडेसहा टक्के, साडेआठला अठरा टक्के. म्हणजे पीएच 6.2 असलेल्या टाकीत तीन पीपीएम अमोनियासह मासे कसेबसे तगलेले असतात, आणि कुणी दयेपोटी दोन चमचे सोडा टाकतो किंवा बोअरवेलच्या पाण्याने अर्धी टाकी बदलतो, तेव्हा तोच अमोनिया काही मिनिटांत विष होतो. ‘पाणी बदललं आणि मासे मेले’ या तक्रारीमागे अनेकदा हे असतं. आधी कमी-कमी पाणी बदलून अमोनिया अर्ध्या पीपीएमच्या आत आणायचा, मग क्षारता वाढवायची.

कायमची सोय म्हणून तिसऱ्यांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, टरफलं छान. बाजारातून आणलेल्या तिसऱ्यांचं सुकं झालं की मूठभर शिंपल्या पंधरा मिनिटं उकळाव्यात, ब्रशने आतला मांसाचा अंश घासून काढावा, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवाव्यात आणि जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या धारेत ठेवाव्यात. पाणी आम्लधर्मी होऊ लागलं की त्या विरघळतात, पीएच चढत गेला की मंदावतात. कोकणच्या किनाऱ्यावर राहण्याचा हा फायदा आहे.

आता खुद्द टाकी मुरवण्याची, म्हणजे तिच्यात हे कामाचे जीवाणू वसवण्याची रीत. मासे न घालता मुरवावी, यावर ठाम राहावं. दुकानात टाकी, फिल्टर, खडी आणि आठ मासे एकाच दिवशी मिळतात आणि मुलं सोबत असतात. तरी मासे नंतर. मुलांना तोवर झाडं लावू द्यावीत: व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट, हायड्रिला. ही झाडं अमोनिया स्वतःच ओढतात, त्यामुळे ती जितकी दाट तितका सगळा प्रवास सोपा. तळ्यातून उपटून आणू नयेत; गोगलगाई आणि उवा सोबत येतात.

जीवाणूंना अमोनिया बाहेरून द्यायचा, आणि त्यासाठी सगळ्यात सोयीचा पदार्थ म्हणजे नवसागर. कल्हईवाले वापरतात तोच, अमोनियम क्लोराईड. फक्त लॅब-केमिकलच्या दुकानातला शुद्ध घ्यावा. पन्नास लिटरला दोन पीपीएम अमोनिया करायला 0.3 ग्रॅमच्या जरा वर लागतो. इतकं बारीक वजन घरी होत नाही, म्हणून दहा ग्रॅम नवसागर अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवावा आणि त्यातले सोळा मिलिलिटर सिरिंजने मोजून टाकावेत. केएच चारच्या आसपास, तापमान अठ्ठावीस, हवेचा पंप चालू, दिवा सहा तासांहून जास्त नाही. मग मोजत राहायचं.

मोजायला थेंबांचा किट हवा. पट्ट्यांमध्ये बहुधा अमोनियाच नसतो, आणि आपल्याला सगळ्यात आधी तोच बघायचा असतो. एपीआय कंपनीच्या किटमध्ये नळीत खुणेपर्यंत पाच मिलिलिटर पाणी घेतात, दोन बाटल्यांतले आठ-आठ थेंब टाकतात, बाटली उभी धरून, म्हणजे थेंब सारखे पडतात. झाकण लावून हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर शून्य. कडेने हिरवट छटा चढू लागली तर चौथा भाग पीपीएम असू शकतो, आणि गवतासारखं हिरवं झालं तर दोनच्या पुढे. ट्यूबलाईटखाली पिवळंही हिरवट भासतं, म्हणून नळी खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर धरून बघावी. नायट्राईटला पाच थेंब. निळं म्हणजे काही नाही, जांभळं म्हणजे भरपूर. नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवावी लागते आणि थेंब टाकल्यावर नळीही मिनिटभर. आतलं चूर्ण तळाशी बसतं आणि न हलवता केलेली चाचणी नायट्रेट खोटंच कमी दाखवते.

पहिला आठवडा बहुतेक काहीच घडत नाही. मग एके दिवशी अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राईटची नळी निळ्याची जांभळी होते. अमोनिया अर्ध्याच्या खाली गेला की पुन्हा सोळा मिलिलिटर. जास्त नको, अमोनिया तीन-चार पीपीएमच्या वर ठेवला तर नायट्राईट इतकं साठतं की दुसरा गट अडखळतो. नायट्राईटचा हा टप्पा सगळ्यात लांब आणि कंटाळवाणा. नवसागराच्या दर तिसऱ्या मात्रेला केएच बघावा. आपल्याकडच्या उबेत तीन ते सहा आठवड्यांत एक सकाळ अशी येते, की आदल्या दिवशी टाकलेले दोन पीपीएम पूर्ण गेलेले असतात आणि नायट्राईटची नळीही स्वच्छ निळी असते. सलग दोन दिवस असं दिसलं की टाकी तयार.

मासे आधीच घरात आले असतील तर हेच काम त्यांच्या अंगावरून होतं, आणि ते सुसह्य करणं आपल्या हातात आहे. रोज मोजायचं. अमोनिया किंवा नायट्राईट अर्ध्या पीपीएमच्या वर गेलं की चाळीस टक्के पाणी बदलायचं, क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं. दाणे एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपतील इतकेच. नायट्राईट रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेण्यापासून अडवतं. पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो आणि कल्ले तपकिरी पडतात. क्लोराईड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आपल्या हलक्या पाण्यात क्लोराईडही कमी असतं, त्यामुळे इथे नायट्राईट जास्त बाधतं. पन्नास लिटरला दहा-पंधरा ग्रॅम साधं मीठ, पाण्यात विरघळवून टाकलं की त्या दिवसांपुरतं संरक्षण मिळतं.

बाकीचे रंग फारसे काळजीचे नाहीत. लाकडामुळे चहासारखं झालेलं पाणी निरुपद्रवी. लाकूड आधी दोन-तीनदा उकळलं की रंग कमी सुटतो. काचेवरचा तपकिरी थर नव्या टाकीत येतो आणि दोनेक महिन्यांत आपोआप कमी होतो. हिरवं पाणी म्हणजे तरंगतं शेवाळ: ऊन आणि खत दोन्ही जास्त. ठाण्यात तलावपाळीला किंवा उपवनला लोक पाव-चुरमुरे टाकतात तेव्हा तळ्यात जे जातं, तेच जास्तीच्या दाण्यांतून टाकीत जातं. टाकी खिडकीपासून हलवावी, दिवा बंद करून चार दिवस जाड कापडाने झाकावी, हवा चालू ठेवावी आणि नंतर अर्धं पाणी बदलावं.

टाकी तयार झाली त्या दिवशी नायट्रेट बरंच साठलेलं असतं, म्हणून सत्तर-ऐंशी टक्के पाणी बदलून मगच मासे आणावेत. पहिल्या खेपेला सहा झेब्रा डॅनिओ किंवा पाच-सहा गप्पी पुरे. गोल्डफिश या मापाच्या टाकीचा मासाच नव्हे. घरी आल्यावर पिशवीतल्या पाण्यात आणि टाकीत टीडीएस मीटर बुडवून पाहावा. आकडे जवळपास असतील तर पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून मासे जाळीने सोडावेत. दुकानात बोअरवेलचं पाणी असेल आणि पिशवीचा आकडा चार-पाच पट निघाला, तर मासे बादलीत घेऊन बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत तास-दीड तास घ्यावा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये. त्या दिवशी दाणे नाहीत. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी अमोनिया, नायट्राईट मोजावं; दोन्ही शून्य असतील तर पुढचा गट पंधरा दिवसांनी, आणि तोही सहाचाच.